अल्बेमार्ल स्ट्रीटचे टपाल

लंडनच्या सोहो स्क्वेअरमध्ये सर जोसेफ बँक्स यांच्या राहत्या घरी 7 मार्च 1799 रोजी एक बैठक भरली. बँक्स हे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष. बैठकीमागची कल्पना मात्र काउंट रम्फर्ड यांची. जन्माने अमेरिकन, किताबाने बव्हेरियाचे, आणि चुलीपासून तोफेपर्यंत कशातही सुधारणा सुचवायला सदैव तयार असे हे गृहस्थ. नवे शोध रोजच्या जगण्यात उपयोगी पडावेत, कारागिरांपर्यंत विज्ञान पोचावे, त्यासाठी व्याख्यानांची आणि प्रयोगांची कायमची सोय असलेली संस्था काढावी, असे या बैठकीत ठरले. पन्नास-पन्नास गिनी भरून काही धनिक मंडळी संस्थेची मालक-सभासद झाली. त्याच वर्षी अल्बेमार्ल स्ट्रीटवरचे 21 क्रमांकाचे घर विकत घेण्यात आले आणि 1800 च्या जानेवारीत राजाची सनद मिळाली. ‘रॉयल इन्स्टिट्यूशन’ची मुहूर्तमेढ ती ही.

संस्था जेमतेम वर्षाची होत होती, तेव्हा बँक्स यांच्या हाती इटलीतील कोमो गावाहून एक फ्रेंच पत्र आले. अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी ते 20 मार्च 1800 रोजी लिहिले होते. चांदी आणि जस्त यांच्या चकत्या एकाआड एक रचाव्यात, प्रत्येक जोडीनंतर खारे पाणी पाजलेला पुठ्ठा ठेवावा, म्हणजे या चळतीतून विजेचा प्रवाह अखंड मिळत राहतो, असा त्या पत्राचा मजकूर. तोवर वीज म्हणजे घर्षणातून उडणारी ठिणगी. क्षणात येणार, क्षणात जाणार. पत्र रॉयल सोसायटीत वाचले गेले जूनच्या अखेरीस, पण त्याआधीच ते बँक्स यांच्या ओळखीच्या लोकांत फिरले होते. निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी तर चळत रचून पाण्याचे विघटनही करून पाहिले. शोध छापून येण्याआधी तो पत्राने पोचावा आणि वाद त्याच्याही आधी सुरू व्हावा, ही पुढच्या साठ-सत्तर वर्षांची रीत इथेच पडली.

संस्थेला ही चळत लाभली ती हंफ्री डेव्ही यांच्यामुळे. 1801 साली ब्रिस्टलहून आलेला हा बावीस वर्षांचा तरुण बोलू लागला की सभागृहात बसायला जागा उरत नसे. संस्थेची दारे पहिल्यापासून स्त्रियांनाही खुली होती, आणि श्रोत्यांमध्ये त्यांची संख्या मोठी असे. व्याख्यानाच्या दिवशी बग्ग्यांची इतकी कोंडी होई, की अल्बेमार्ल स्ट्रीट हा लंडनमधला पहिला एकेरी वाहतुकीचा रस्ता ठरला, असे आजही सांगितले जाते. चळतीतील वीज धातूंच्या नुसत्या स्पर्शाने निर्माण होते की रासायनिक क्रियेने, हा त्या काळचा मोठा वाद. डेव्ही यांचा कल रसायनाकडे. 1807 मध्ये त्यांनी याच घराच्या तळमजल्याखालील प्रयोगशाळेत विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटलेले असतानाही पॅरिसच्या विद्वत्सभेने डेव्ही यांना त्यांच्या विद्युत्संशोधनाबद्दल पारितोषिक दिले. सभासदांनी वर्गणी काढून 1810 च्या सुमारास दोन हजार जोड-पट्ट्यांचा प्रचंड विद्युतघट उभा करून दिला.

हे वैभव वरवरचे होते, हेही नमूद करायला हवे. रम्फर्ड 1802 मध्येच संस्थेपासून दूर झाले होते. कारागिरांच्या शिक्षणाची मूळ योजना मागे पडली आणि संस्था श्रीमंतांसाठीच्या व्याख्यानांवर जगू लागली. हिशेब जुळेनासा झाला तेव्हा 1810 मध्ये पार्लमेंटचा कायदा करून मालकी हक्क रद्द करावे लागले, आणि वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदांची संस्था अशी नवी घडण झाली.

1 मार्च 1813 रोजी संस्थेने एक प्रयोगशाळा-मदतनीस नेमला. मायकेल फॅरडे, वय एकवीस, लोहाराचा मुलगा, धंदा पुस्तकबांधणीचा. आदल्या वर्षी डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे काढली, ती स्वतः बांधली आणि अर्जासोबत डेव्हींकडे पाठवली होती. शाळेतले शिक्षण नावापुरतेच. गणित जवळपास नाहीच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डेव्ही त्यांना युरोपच्या प्रवासाला घेऊन गेले. पॅरिसमध्ये अँपिअर भेटले, मिलानमध्ये म्हातारे व्होल्टा. ज्यांच्याशी पुढे पत्रांतून गाठ पडायची होती, त्यांचे चेहरे असे आधीच पाहून झाले.

1820 च्या जुलैत कोपनहेगनच्या हान्स ख्रिस्तियान ओर्स्टेड यांनी चार पानांचे एक लॅटिन पत्रक छापून युरोपभरच्या विद्वानांना टपालाने पाठवले. विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, एवढेच त्यात म्हटले होते. त्या ‘एवढ्या’ने सगळीकडे धांदल उडवली. पॅरिसमध्ये अँपिअर यांनी काही आठवड्यांत सिद्धांताची मांडणी सुरू केली: दोन तारांतील प्रवाहांचे बारीक तुकडे एकमेकांना सरळ रेषेत ओढतात किंवा ढकलतात, आणि चुंबक म्हणजे दुसरे काही नसून आत फिरणाऱ्या प्रवाहांचा समूह. हे प्रवाह चुंबकाच्या प्रत्येक रेणूभोवती फिरत असावेत, ही दुरुस्ती त्यांना मित्र फ्रेनेल यांनी सुचवली. लंडनमध्ये फॅरडे यांनी आधी इतरांचे सगळे प्रयोग स्वतः करून पाहिले. 1821 च्या सप्टेंबरात पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा करून त्यांनी तार त्याच्याभोवती गोल फिरवून दाखवली. सरळ रेषेतल्या ओढाताणीतून हे फिरणे कसे येणार, असा प्रश्न यातून उभा राहिला. या यंत्राच्या खिशात मावतील अशा छोट्या प्रतिकृती करून त्यांनी युरोपातील शास्त्रज्ञांना पाठवल्या. ज्याला शंका असेल त्याने फिरवून पाहावे!

यशाबरोबर बदनामीही आली. तारेच्या परिभ्रमणाचा विचार ज्येष्ठ शास्त्रज्ञ वोलास्टन आधीपासून करत होते. फॅरडे यांनी त्यांचे नाव न घेता निबंध छापला, अशी कुजबुज सुरू झाली. फॅरडे यांनी वोलास्टन यांना पत्र लिहून भेट मागितली, आणि वोलास्टन यांनी प्रकरण शांतपणे घेतले. डेव्ही यांचे मन मात्र कलुषितच राहिले. रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी फॅरडे यांचे नाव आले तेव्हा त्यांनी विरोध केला. 1824 च्या जानेवारीत निवड झाली. विरोधात एक मत पडले.

फॅरडे आणि अँपिअर यांचा पत्रव्यवहार हे संस्थेच्या दप्तरातले एक मोलाचे प्रकरण आहे. दोघांच्या वृत्तीत जमीन-अस्मानाचे अंतर. अँपिअर आकडेमोडीतून निसर्गाकडे जाणारे. फॅरडे प्रयोगाखेरीज पाऊल न टाकणारे. 1822 च्या एका पत्रात फॅरडे यांनी मोकळेपणाने लिहिले, की गणिताचे ज्ञान आपल्यापाशी नाही, अमूर्त युक्तिवादात सहज शिरताही येत नाही; एकमेकींना लागून ठेवलेल्या वस्तुस्थितींवरून चाचपडतच आपल्याला पुढे जावे लागते. हा नुसता विनय नव्हता. तुमचे सूत्र मला नाकारता येत नाही, पण ते मला पटलेलेही नाही, असा त्याचा अर्थ होता. अँपिअर मात्र या अडाणी म्हणवून घेणाऱ्या माणसाला तपशीलवार उत्तरे देत राहिले, नव्या प्रयोगांची हकिगत कळवत राहिले. मतभेद मिटले नाहीत. टपालही थांबले नाही.

संस्थेची तिजोरी या काळात रिकामीच असे. आपण आपल्याच कातडीच्या सालींवर जगतो आहोत, अशा आशयाचे उद्गार फॅरडे यांनी व्यवस्थापकांपुढे काढले होते. 1825 मध्ये ते प्रयोगशाळेचे संचालक झाले. पगार वर्षाला 100 पौंड, राहायला वरच्या खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या. त्याच सुमारास त्यांनी शुक्रवारच्या सायंव्याख्यानांचा उपक्रम सुरू केला आणि मुलांसाठी नाताळच्या व्याख्यानांचीही सुरुवात झाली. संस्थेला ऊर्जितावस्था आणली ती या दोन उपक्रमांनी. 1827 मध्ये नव्या लंडन विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले, तेव्हा ज्या संस्थेने आपल्याला घडवले ती अडचणीत असताना सोडून जाणे बरे नव्हे, असे कळवून त्यांनी ते नाकारले. 1833 मध्ये जॉन फुलर या जुन्या पार्लमेंट सदस्याच्या देणगीतून रसायनशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले आणि पहिले फुलर-प्राध्यापक म्हणून फॅरडे यांची नेमणूक झाली. एका देणगीदाराने संस्थेला दिलेला इतका नेमका हातभार क्वचितच सापडेल.

29 ऑगस्ट 1831 हा दिवस संस्थेच्या दिनदर्शिकेत कायमचा नोंदला गेला आहे. फॅरडे यांनी लोखंडाच्या कड्यावर समोरासमोर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एक विद्युतघटाला जोडले, दुसऱ्याजवळ चुंबकसुई ठेवली. प्रवाह सुरू करताच सुई हलली आणि पुन्हा स्थिर झाली. प्रवाह तोडताच उलट बाजूला हलली. प्रवाह वाहत असताना काहीच नाही. बदल होतो त्या क्षणीच दुसऱ्या वेटोळ्यात वीज. ऑक्टोबरात नुसता चुंबक वेटोळ्यात खुपसूनही तोच परिणाम मिळाला. सप्टेंबरात मित्र रिचर्ड फिलिप्स यांना लिहिताना ते सावध होते: गळाला काहीतरी चांगले लागले आहे असे वाटते, पण वर ओढल्यावर मासा निघेल की शेवाळ, हे सांगवत नाही.

मासाच निघाला, पण तो जवळजवळ दुसऱ्याच्या टोपलीत गेला. डिसेंबरात फॅरडे यांनी पॅरिसच्या आशेत यांना पत्रातून शोधाचा सारांश कळवला. आशेत यांनी सद्भावनेने ते पत्र 26 डिसेंबरला फ्रेंच विज्ञान अकादमीत वाचून दाखवले. वर्तमानपत्रात बातमी आली. ती वाचून फ्लॉरेन्सच्या नोबिली आणि अँतिनोरी यांनी घाईने प्रयोग केले आणि निबंध छापला. ज्या अंकात तो आला त्यावर तारीख होती नोव्हेंबर 1831 ची. फॅरडे यांचा स्वतःचा सविस्तर निबंध अजून छापखान्यातच होता. तारखा पाहणाऱ्याला इटालियनच आधीचे वाटावेत, आणि लंडनमध्येही तसे छापून आले. ज्या टपालाने विज्ञान वेगाने पुढे नेले, त्यानेच केलेला हा घात. फॅरडे यांनी इटालियनांच्या निबंधाचे भाषांतर टिपांसह प्रसिद्ध केले आणि 1 डिसेंबर 1832 रोजी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांना एक लांबलचक पत्र लिहून एकेक मुद्दा निकाली काढला. त्यांच्या एरवीच्या सौम्य पत्रांत हे पत्र वेगळे उठून दिसते.

या अनुभवाची आठवण ताजी असतानाच त्यांनी एक पत्र असे लिहिले, की जे कुणाला धाडायचेच नव्हते. 12 मार्च 1832 ही तारीख घातलेला एक बंद लिफाफा त्यांनी रॉयल सोसायटीत ठेवायला दिला. चुंबकाचा परिणाम दूरवर पोचायला काही वेळ लागत असावा आणि तो पाण्यावरच्या किंवा आवाजाच्या लहरींसारखा पसरत असावा, असा तर्क त्यात मांडला होता. सिद्ध करायला साधने नव्हती. कल्पनेवरचा हक्क मात्र तारखेनिशी राखून ठेवायचा होता. लिफाफा उघडला गेला 1937 साली. तोवर रेडिओ घरोघरी वाजत होता.

विद्युत-विघटनाच्या अभ्यासात जुने शब्द अपुरे पडू लागले, कारण त्यांत विजेच्या स्वरूपाविषयी आधीच काही गृहीत धरलेले असे. 1834 च्या वसंतात केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून ॲनोड, कॅथोड आणि आयन हे शब्द निश्चित झाले. शाळेतल्या मुलांना आज ते पाठ असतात. त्यामागे केंब्रिजच्या एका पंडिताची आणि एका पुस्तकबांधणाऱ्याची काही आठवड्यांची देवाणघेवाण आहे. 1840 मध्ये फिलाडेल्फियाचे रॉबर्ट हेअर यांनी छापील जाहीर पत्रातून फॅरडे यांना कोंडीत पकडले. विजेचा परिणाम लगतच्या कणांमधूनच सरकत जातो असे तुम्ही म्हणता, आणि अर्धा इंच पोकळीतूनही तो जाऊ शकतो असेही म्हणता. मग लगतचे म्हणजे काय? आक्षेप बिनतोड होता. ‘लगतचे’ म्हणजे चिकटलेले नव्हे, शेजारचे, असा खुलासा फॅरडे यांना करावा लागला. समर्थकांपेक्षा अशा विरोधकांनीच त्यांची कल्पना अधिक घासून पुसून दिली, असे म्हणायला हरकत नाही.

1839 नंतरची काही वर्षे प्रकृतीने साथ सोडली. चक्कर, विस्मरण, थकवा. संशोधन जवळजवळ बंद. व्यवस्थापकांनी त्यांना सांभाळून घेतले. पुन्हा चालना मिळाली ती पत्रानेच. 6 ऑगस्ट 1845 रोजी एकवीस वर्षांच्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, फॅरडे यांच्या कल्पना गणितात बसवता येतात हे कळवले, आणि विजेच्या ताणाखालच्या पारदर्शक पदार्थाचा ध्रुवित प्रकाशावर काही परिणाम होतो का, असे विचारले. फॅरडे यांनी हे पूर्वी करून पाहिले होते, हाती काही लागले नव्हते. या वेळी त्यांनी विजेऐवजी चुंबक घेतला आणि आपणच पूर्वी बनवलेली शिसेमिश्रित जड काच. 13 सप्टेंबरला प्रकाशाची ध्रुवणपातळी वळलेली दिसली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते प्रयोगाने प्रथम दिसले ते अल्बेमार्ल स्ट्रीटच्या तळघरात.

तरीही विद्वानांचा मोठा वर्ग फॅरडे यांच्या ‘बलरेषां’ना, म्हणजे चुंबकाचा आणि विजेचा परिणाम मधल्या अवकाशातून रेषांनी पसरतो या कल्पनेला, मानायला तयार नव्हता. जर्मनीत वेबर यांनी दूरवरून थेट होणाऱ्या क्रियेचे नेटके सूत्र मांडले होते. 1855 मध्ये शाही खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी संस्थेचे चिटणीस जॉन बार्लो यांनाच लिहिले, की गणित आणि निरीक्षण यांचा मेळ ज्याला ठाऊक आहे, तो अशा नेमक्या सिद्धांतापुढे बलरेषांसारख्या धूसर गोष्टीचा विचार तरी कसा करील, हे आपल्याला समजत नाही. संस्थेच्या सर्वांत मोठ्या माणसाविषयी संस्थेच्याच चिटणिसाला आलेले हे पत्र. ते दडपले गेले नाही, हे विशेष.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंब्रिजमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल नावाचा तरुण ‘फॅरडे यांच्या बलरेषांविषयी’ निबंध वाचत होता. 1857 मध्ये तो निबंध फॅरडे यांच्या हाती आला. 25 मार्चच्या उत्तरात त्यांनी लिहिले, की विषयावर गणिताचा एवढा मारा झालेला पाहून आधी आपण घाबरलोच, आणि मग विषय तो इतका छान पेलतो आहे याचे नवल वाटले. फॅरडे पासष्टीचे, मॅक्सवेल पंचविशीचे. नोव्हेंबरातल्या पत्रांत गुरुत्वाकर्षणही बलरेषांनी समजावता येईल का, यावर चर्चा आहे. 13 नोव्हेंबरला फॅरडे यांनी एक विनंती केली: गणिती मंडळींनी आपले निष्कर्ष त्या चित्रलिपीतून बाहेर काढून साध्या भाषेतही सांगावेत, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यांवर प्रयोग करता येतील. आयुष्यभराची उणीव त्यांनी इथे मागणीत बदलली, आणि ती मागणी वाजवी होती.

1860 मध्ये मॅक्सवेल लंडनच्या किंग्ज कॉलेजात आले. 17 मे 1861 रोजी त्यांनी संस्थेत व्याख्यान देऊन तीन मूळ रंगांतून रंगीत छायाचित्र उभे करून दाखवले. त्या वर्षीच्या 19 ऑक्टोबरला त्यांनी फॅरडे यांना जे पत्र पाठवले, त्यात दोन आकडे शेजारीशेजारी आहेत. विद्युतचुंबकीय माध्यमातील आडव्या कंपनांचा गणिताने काढलेला वेग सेकंदाला 1,93,088 मैल. फिझो यांनी प्रत्यक्ष मोजलेला प्रकाशाचा वेग 1,93,118 मैल. पहिला आकडा आला होता तो वेबर आणि कोलराउश यांच्या मापनांवरून, म्हणजे दूरस्थ क्रियेचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाच्या प्रयोगातून! सूत्रे आपण गावी असताना, तो आकडा पाहण्याआधी काढली होती, हेही मॅक्सवेल यांनी आवर्जून कळवले. प्रकाशाचे आणि विजेचे माध्यम एकच, हे आता मानावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. फॅरडे तोवर थकले होते. 1862 च्या जूनमध्ये त्यांनी शुक्रवारचे शेवटचे व्याख्यान दिले. 25 ऑगस्ट 1867 रोजी त्यांचे निधन झाले. हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या त्या आणखी वीस वर्षांनी.

संस्थेतला पुढचा पल्ला टिंडल, ड्यूअर आणि रॅले या शास्त्रज्ञांचा. 1896 मध्ये लुडविग माँड यांच्या देणगीतून शेजारच्या घरात डेव्ही-फॅरडे संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. पाठोपाठ 1897 चे वर्ष संस्थेच्या भाग्याचे ठरले. 29 जानेवारीला कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे जगदीशचंद्र बोस यांनी शुक्रवारच्या व्यासपीठावरून आपल्या छोट्याशा उपकरणाने विद्युतलहरींचे गुणधर्म दाखवले, आणि 30 एप्रिलला त्याच ठिकाणी जे. जे. थॉमसन यांनी अणूहून लहान कणांविषयी, म्हणजे आजच्या इलेक्ट्रॉनविषयी, सांगितले. विसाव्या शतकात विल्यम आणि लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांच्या कारकिर्दींत स्फटिकांचा क्ष-किरणांनी अभ्यास हा संस्थेचा मुख्य विषय झाला; लायसोझाइम या विकराची रचना 1965 मध्ये इथेच उलगडली. नाताळची व्याख्याने 1966 पासून नियमितपणे दूरचित्रवाणीवर दिसू लागली.

आर्थिक ओढाताण संस्थेच्या पाचवीलाच पुजलेली. 2008 मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या नूतनीकरणाने कर्जाचा बोजा वाढला, आणि 2013 च्या आरंभी अल्बेमार्ल स्ट्रीटवरची वास्तू विकण्याचा विचार जाहीर चर्चेत आला. शास्त्रज्ञांनी आवाज उठवला; एका देणगीदाराच्या मदतीने विक्री टळली.

पत्रे मात्र प्रत्येक पिढीने जपली. चिटणीस हेन्री बेन्स जोन्स यांनी 1870 मध्ये फॅरडे यांचे चरित्र आणि पत्रे दोन खंडांत छापली. प्रयोगांची रोजनिशी 1930 च्या दशकात प्रसिद्ध झाली. तिच्यातील मुख्य मालिकेच्या परिच्छेदांना फॅरडे यांनीच दिलेले क्रमांक सोळा हजारांच्या पुढे जातात. 1973 मध्ये जुन्या प्रयोगशाळेच्या जागी संग्रहालय उघडले. आणि 1991 पासून दोन दशके खपून फ्रँक जेम्स यांनी समग्र पत्रव्यवहार सहा खंडांत संपादित केला. सुमारे पाच हजार पत्रे त्यांत आली आहेत: अँपिअर, ह्यूएल, थॉमसन, मॅक्सवेल यांची, तशीच दीपगृहांच्या दिव्यांविषयी विचारणाऱ्या अधिकाऱ्यांची आणि व्याख्यानाची प्रवेशिका मागणाऱ्या अनोळखी माणसांची. त्यांपैकी बरीचशी तोवर कधीच छापली गेली नव्हती.